चवथीआधी घर मोकळे करून घेताना: एका आवराआवर सेवेचा अनुभव

फोंडा तालुक्यात म्हार्दोळजवळ आमचे चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे जुने घर आहे. मध्ये राजांगण, त्याच्या चहूबाजूंनी खोल्या, मागे न्हाणी आणि वर लाकडी माळा अशी त्याची रचना आहे. आजेसासऱ्यांच्या काळात या घरात एकोणीस माणसे जेवत असत. आता सासूबाई, माझे यजमान आणि मी असे तिघेच कायम राहतो आणि पुण्यात नोकरी करणारी मुलगी सणासुदीला येते. माणसे कमी झाली, सामान मात्र एकोणीस जणांचेच राहिले. गेल्या जुलैमध्ये आम्ही मडगावच्या दोन तरुणी चालवतात ती घर आवरून देणारी सेवा घेतली, आणि तीन दिवसांचे काम व त्यानंतरचे काही महिने यांच्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही मांडणार आहे आणि त्या मी त्या दोघींना समोर बसवून सांगितल्या आहेत. गोव्यातल्या जुन्या घरात अशी कोणतीही सेवा बोलावताना काय विचारून घ्यावे, हे वाचकांना कळावे एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

बोलावण्याचे तात्कालिक कारण सासूबाई होत्या. त्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे. जूनमध्ये एका रात्री न्हाणीकडे जाताना खाटेशेजारी रचलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला पाय लागून त्या पडल्या. हाड मोडले नाही, पण मनगट आठ दिवस सुजलेले होते. ते गठ्ठे तेथे दोन वर्षे होते आणि मी रोज त्यांना वळसा घालून जात होते. दुसरे कारण माझे स्वतःचे होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवस मोकळा असूनही संध्याकाळी मला असा शीण येई, की जणू मोठे काम उपसले आहे, आणि प्रत्यक्षात काहीच झालेले नसे. एक वस्तू शोधायला जावे, वाटेत दुसरी तीन कामे दिसावीत, त्यांतले एकही पुरे होऊ नये आणि मूळ वस्तूही सापडू नये, यात माझा दिवस जात होता.

आमच्या घरात सामान कसे साठते हे सांगायचे तर एकच वाक्य पुरेसे आहे, आणि ते कोकणीत आहे: 'आसूं दी गो, केन्नाय लागतलें.' असू दे, कधीतरी लागेल. हे वाक्य आळसातून आलेले नाही. पावसाळ्याचे चार महिने बाजार, रस्ता आणि होडी यांचा भरवसा नसे, त्या काळात एप्रिल-मेमध्ये घर भरून ठेवणे हाच शहाणपणा होता. आमच्याकडे त्याला पुरुमेंत म्हणतात. हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द आहे आणि मे-जूनच्या सुमारास मडगावात पुरुमेंताचे फेस्त, म्हणजे जत्रा, आजही भरते. सुक्या मिरच्या, सोलां (आमसुले), चिंच, मीठ, उकडे तांदूळ, सुके बांगडे आणि सुंगटां (कोळंबी) या सगळ्यांची बेगमी करणाऱ्या घराला मोठे डबे, बरण्या आणि कोठार लागतेच. अडचण अशी, की बेगमी एकोणिसांची उरली नाही, तरी भांडी त्याच मापाची राहिली आणि त्या रिकाम्या भांड्यांत हळूहळू इतर गोष्टी जाऊन बसल्या.

सेवेचा दर दोघींचा मिळून तासाला ७०० रुपये होता. तीन दिवस, रोज सहा तास, असे १२,६०० रुपये झाले. पेट्या आणि पिशव्यांचे २,१५० रुपये वेगळे, मडगावहून येण्या-जाण्याचे ६०० वेगळे, म्हणजे एकूण १५,३५० रुपये. आमच्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. पहिल्या भेटीचे मात्र त्यांनी काही घेतले नाही. त्या भेटीत दोघींपैकी थोरलीने घरभर फिरून एकाही वस्तूला हात न लावता केवळ प्रश्न विचारले: सकाळी उठल्यावर तुम्ही प्रथम कोठे जाता, चष्मा कोठे ठेवता, कोणत्या खोलीत जाणे टाळता. शेवटच्या प्रश्नाला मी एकदम उत्तर देऊ शकले नाही. नंतर लक्षात आले, की नऊ खोल्यांपैकी पाच खोल्या मी टाळतच होते.

पहिला दिवस स्वयंपाकघर आणि कोठाराचा होता. बाहेर धो-धो पाऊस आणि राजांगणात पाणी, म्हणून सगळे सामान ओसरीवर आणून मांडले. ओसरीवर चार जुन्या चादरी अंथरल्या होत्या. एका चादरीवर रोजचे लागणारे, दुसरीवर वर्षातून एकदा-दोनदा लागणारे, तिसरीवर दुसऱ्या कोणाचे तरी असलेले आणि चौथीवर जायचे असलेले. ही तिसरी चादर मला फार महत्त्वाची वाटली आणि या सेवेला मी चांगले म्हणते ते मुख्यतः तिच्यामुळे. वस्तू हातात घेतली, की 'ही हवी का?' असे त्या विचारत नसत. 'हें कोणाचें?' असे सासूबाईंना विचारत. सासूबाईंसाठी ओसरीवर वेताची खुर्ची ठेवली होती, पाय टेकायला पाट दिला होता आणि अखेरचा शब्द त्यांचा होता.

हा प्रश्न गोव्यात नुसता मायेचा नाही, कायद्याचाही आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आमच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. माणूस गेल्यावर इन्व्हेंतार, म्हणजे त्याच्या मालमत्तेची कायदेशीर मोजदाद, होऊन वाटण्या होईपर्यंत घर आणि त्यातली वस्तू सगळ्या वारसांची मिळून असते. हा व्यवहार आता २०१२च्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंतारविषयक गोवा कायद्याने चालतो, जो २०१६मध्ये लागू झाला. सासरे गेल्यानंतर आमच्या घराचे इन्व्हेंतार अजून झालेले नाही. त्यामुळे तांब्याचे भाण, तीन हंडे, पितळी घंगाळ, दोन लामणदिवे या वस्तू माझ्या यजमानांच्या जितक्या, तितक्याच माझ्या दोन्ही नणंदांच्या आहेत. इतकी वर्षे त्या कोणीच हलवल्या नाहीत, कारण हलवण्याचा अधिकार आपल्या एकट्याचा नाही हे प्रत्येकालाच मनोमन ठाऊक होते. आमची अडगळ पुष्कळशी अशी आहे. ती टाकाऊ नाही, तिचा निर्णय राहिला आहे. मडगावच्या मुलींनी त्या दिवशी दुपारी बेळगावच्या आणि वास्कोच्या नणंदेला व्हिडिओवर घेतले आणि एकेक भांडे समोर धरून दाखवले. वास्कोच्या वन्संना घंगाळ हवे होते, हे आम्हाला पंधरा वर्षांत ठाऊक नव्हते, आणि ते मागायचे कसे या संकोचात त्या होत्या. पंधरा वर्षे ज्यावर कपड्यांची बोचकी रचली जात होती ते घंगाळ पुढच्या रविवारी वास्कोला गेले आणि आता त्यात त्यांनी कमळे लावली आहेत.

स्वयंपाकघरात स्टीलचे डबे ५२ निघाले. त्यातल्या १९ डब्यांत नुसते दुसरे डबे होते. झाकण नसलेली भांडी आणि भांडे नसलेली झाकणे यांची जुळवाजुळव करण्यातच पाऊण तास गेला. कालबाह्य झालेले मसाले, तीन ठिकाणी उघडलेली हळदीची पाकिटे, दरवर्षी नवी आणलेली आणि जुनी न सापडलेली वेलची या गोष्टी मी येथे विस्ताराने सांगत नाही, कारण त्या प्रत्येक घरात सारख्याच असतात. सांगण्यासारखी गोष्ट एवढी, की रोजच्या चौदा वस्तू ओट्यापासून हाताच्या अंतरावर आल्या. विळी, जिला आम्ही आदोळी म्हणतो, ती जेवणघराच्या कोपऱ्यातून नारळांच्या टोपलीशेजारी आली. नारळ खोवायला बसण्यासाठी मी पूर्वी तीन खोल्या फिरत होते, हे त्या दिवसापर्यंत मला जाणवलेच नव्हते.

येथे एक मतभेद झाला. त्यांच्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त पुरेल असा कोणताही साठा घरात असू नये. शहरातल्या सदनिकेत तो नियम योग्य असेल. आमची सोलां मेमध्ये घरच्या भिंडांची (रातांब्यांची) केलेली असतात आणि ती वर्षभर पुरवायची असतात. चिंचेचे तेच, मिठाच्या बरणीचेही तेच. सासूबाईंनी शांतपणे सांगितले, 'बाय, हें पावसाचें आसा,' आणि मुलींनी वाद न घालता कोठारातली एक पूर्ण फळी पुरुमेंतासाठी राखून ठेवली. ऐकून घेण्याची ही तयारी मला त्यांच्या कामातला मोठा गुण वाटते.

दुसरा दिवस कपडे आणि निजण्याच्या खोल्यांचा. सासूबाईंच्या खाटेपासून न्हाणीच्या दारापर्यंतची वाट त्यांनी प्रथम मोकळी केली, आणि ती करताना एक साधी गोष्ट केली: सासूबाईंना दिवा न लावता चालून दाखवायला सांगितले. जेथे त्यांचा हात आधारासाठी आपोआप गेला, तेथे काही पडू शकेल असे ठेवायचे नाही असे ठरले. कपाट चार बोटे पुढे ओढून भिंतीपासून दूर केले. त्यामागे भिंतीवर बुरशीचा काळसर-हिरवा पट्टा होता. चिरा हा सच्छिद्र दगड, तो पावसात ओल धरतो, आणि भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या कपाटामागे हवा फिरत नाही. ती भिंत पुसून कोरडी झाल्यावर खोलीतला कोंदट वास आठवड्याभरात निम्मा झाला, आणि मला दर पावसाळ्यात सकाळी येणाऱ्या शिंकांत फरक पडला. खोलीतली शांतता कधीकधी अशी अगदी शरीराच्या बाजूने येते.

पण याच दिवशी त्यांनी एक चूक केली, आणि ती गोव्याच्या हवेविषयीच्या अज्ञानातून झाली. जास्तीचे कपडे, गोधड्या आणि सासूबाईंची नऊवारी लुगडी त्यांनी हवा ओढून सपाट करण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली. सहा पिशव्यांत दोन कपाटांचे सामान बसले आणि दिसायला ते फारच नीटनेटके होते. जुलैमध्ये आमच्याकडे हवेत आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. हाताला कोरडे लागणारे कापडही त्या दिवसांत कोरडे नसते. आतली ओल आतच कोंडली गेली. वीस दिवसांनी चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, लुगडे काढायला पिशवी उघडली, तेव्हा आंबूस वास आला आणि सासूबाईंच्या मोतिया रंगाच्या लुगड्याच्या पदरावर तांदळाच्या कणीएवढे करडे ठिपके दिसले. मी ते लुगडे खिडकीशी धरून बराच वेळ पाहत राहिले. त्यातले काही ठिपके धुऊन गेले, जरीजवळचे चार राहिले आहेत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी ते घडी घालून पुन्हा ठेवले, आणि त्याचे मला अधिक वाईट वाटले.

म्हणून वाचकांना आग्रहाने सांगते: कपड्यांचे काम पावसाळ्यात करून घेऊ नका. फेब्रुवारी ते मे या काळात करा, बांधण्यापूर्वी प्रत्येक कापडाला दोन दिवस ऊन दाखवा, रेशमी आणि जरीची वस्त्रे प्लास्टिकमध्ये न घालता जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका आणि वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे काम करणाऱ्या सेवेलाही ते ठाऊक असायला हवे. मी हे सांगितल्यावर त्यांनी पिशव्यांचे पैसे परत केले आणि चूक मान्य केली. लुगड्याची भरपाई मी मागितली नाही, कारण तिची किंमत मला ठरवता आली नसती.

तिसऱ्या दिवसाची सुरुवात फार चांगली झाली. माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यात ३१ किल्ल्या होत्या. कोणत्या कुलपाची कोणती, हे सासरे गेल्यापासून कोणालाच ठाऊक नव्हते आणि टाकून देण्याचे धाडसही कोणाला नव्हते. त्या दोघींपैकी धाकटीने प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावून पाहिली. दीड तास लागला. नऊ किल्ल्या जुळल्या आणि त्यांना तिने सुतळीने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या: 'मागचे दार', 'धान्याची कोठी', 'देवघरातली पेटी'. आठवी किल्ली आखूड, पितळेची, टोकाशी झिजलेली होती आणि ती सासऱ्यांच्या शिसवी पेटाऱ्यातल्या आतल्या कप्प्याची निघाली. तो कप्पा आम्ही एकोणीस वर्षांत उघडलेला नव्हता. आत मेणकापडात बांधलेले कागद होते: मात्रीजची, म्हणजे घर-जमिनीच्या करनोंदीची, पोर्तुगीजमधली प्रमाणपत्रे, आजेसासऱ्यांच्या वेळच्या इन्व्हेंतारची नक्कल, सासऱ्यांच्या जन्माची नोंद, आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्रांची कात्रणे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाच्या आधीची आणि नंतरची ती कात्रणे होती. सासरे विलीनीकरणाच्या बाजूचे होते आणि निकालानंतर ते दोन दिवस जेवले नव्हते, असे सासूबाई सांगतात. कात्रणांच्या कडांवर त्यांच्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरात तारखा होत्या.

दुपारी मात्र कागदपत्रांच्या कामात ज्यामुळे माझा जीव घाबरा झाला ती गोष्ट घडली. मदतीला त्या दिवशी एक नवा मुलगा आणला होता. कागदांसाठी त्यांची पद्धत अशी, की दहा वर्षांपूर्वीची बिले आणि पावत्या रद्दीत, चालू कागद फायलीत. त्या मुलाने वाचता न येणारे, पिवळे पडलेले आणि कडा खाल्लेले कागद जुन्या विजेच्या बिलांसोबत रद्दीच्या पोत्यात टाकले. मी चहा घेऊन आले तेव्हा पोत्याच्या तोंडाशी मला तांबड्या मुद्रेचा एक कोपरा दिसला. तो मात्रीजचा कागद होता. पोते पुन्हा पूर्ण उपसले आणि कागद न कागद पाहिला, त्यात माझे दोन तास गेले.

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे एवढे गंभीर का, असे वाटेल. आमच्याकडे जमिनीचे आजचे कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा, महाराष्ट्रातल्या सातबारासारखा, पण मालकीचा वाद झाला, की वकील पहिल्यांदा पोर्तुगीजकालीन नोंद मागतात. १९ डिसेंबर १९६१पूर्वीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, जन्मदाखला घराच्या पुढच्या पिढ्यांना किती ठिकाणी लागतो, हे येथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की कागदपत्रांचे काम या सेवांकडे सोपवूच नये. एका वहीत यादी करून, घरातल्या जाणत्या माणसाने आणि शक्यतो पोर्तुगीज वाचणाऱ्या कोणीतरी मिळून ते करावे. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी चार संध्याकाळी बसून आमच्या कागदांवर मराठीत चिठ्ठ्या लिहून दिल्या. आता ते पेटाऱ्यातच, पण आम्लविरहित कागदात आणि विषयवार आहेत.

त्याच दिवशी माळ्यावरची माटोळीची चौकटही मोडक्या लाकडांत गेली होती. चवथीला गणपतीच्या वर जी बांधायची, जिला नारळ, सुपाऱ्या, आंबाडे, कांगलां, माट्टुळां अशी रानफळे टांगायची, तिची चौकट वर्षातले अकरा महिने केवळ चार पट्ट्यांचे जाळे दिसते, हे मान्य आहे. सासूबाईंनी खालून ती ओळखली आणि ती परत आली. हा दोष मी त्या मुलाचा मानत नाही. गोव्यात काम करायला नवा माणूस आणताना त्याला चवथीचे सामान कसे दिसते हे आधी दाखवायला हवे होते.

बंद पडलेले दोन मिक्सर, एक दूरदर्शन संच, मोबाइलचे चार्जर आणि बॅटऱ्या त्या स्वतः घेऊन गेल्या, पण त्या कोठे दिल्या याची पावती मागितल्यावर मिळाली नाही. २०२२च्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असे सामान नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवे. भंगारवाल्याच्या दारात तारा जाळून तांबे काढले गेले तर आमच्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या छातीत जाऊन बसली असे होईल. पावती नसेल तर हे सामान देऊ नका, पंचायतीकडे किंवा ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमेत द्या.

शांतता आणि उत्साह यांविषयी त्यांच्या पत्रकात जे लिहिले आहे ते आता पाहते. 'घरातला पसारा काढल्याने मनावरचा ताण उतरतो, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे' असे त्यात एक वाक्य आहे. ज्या अभ्यासाचा त्यात आधार घेतलेला दिसतो तो २०१०चा अमेरिकेतला आहे. त्यात साठ नोकरदार पती-पत्नींनी आपल्या घरातून फिरत त्याचे वर्णन केले. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अपुरी कामे यांचा उल्लेख अधिक होता, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरक दिवसभरात जसे उतरावे तसे उतरत नव्हते. हे महत्त्वाचे आहे, पण पसारा काढल्यावर ते उतरते असे त्या अभ्यासाने तपासलेले नव्हते, आणि थकलेल्या बाईलाच पसारा अधिक जाणवतो असेही असू शकेल. पत्रकातले ते वाक्य बदलावे, असे मी त्यांना सुचवले आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर फरक पडला, आणि तो मी नेमका सांगू शकते. संध्याकाळचा शीण कमी झाला. दिवसात मी पूर्वीइतकीच चालते, पण कामाच्या मध्ये थांबून 'हे कुठे ठेवू' असा विचार करावा लागत नाही. माझे यजमान वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात तेवीस वर्षे होते. तेथे जपानी कारखान्यांतून आलेली पाच सूत्रांची पद्धत भिंतीवर लिहिलेली असे आणि तिचे पहिले सूत्र निवड हेच होते. नको असलेली वस्तू आधी बाजूला काढा, मगच उरलेल्यांच्या जागा ठरवा. संशय असलेल्या वस्तूला तेथे लाल चिठ्ठी लावून, तारीख घालून वेगळी ठेवत. मडगावच्या मुलींनी हीच युक्ती वापरली. ज्याचा निर्णय होत नव्हता अशा सामानाच्या सात पेट्यांना लाल धागा बांधला आणि वर उघडण्याची तारीख लिहिली. यजमानांना ही पद्धत एकदम ओळखीची वाटली आणि ते, जे पहिल्या दिवशी 'बायकांचे काम' म्हणून शेतावर निघून गेले होते, तिसऱ्या दिवशी स्वतः चिठ्ठ्या लिहीत बसले. आठवड्यातून एक वेळ, शनिवारी सकाळी अर्धा तास, ओसरी आणि स्वयंपाकघराची फेरी आता तेच मारतात.

सासूबाईंबाबतचा बदल सर्वांत मोठा. खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर आता काहीच नाही. पूर्वी त्या रात्री मला हाक मारत आणि मी उठले की 'झोप मोडली' म्हणून स्वतःलाच दोष देत. गेल्या काही महिन्यांत त्या मला न उठवता जाऊन येतात. एका रात्री जागी असताना मी त्यांची पावले ऐकली: सावकाश, पण न थांबणारी. सकाळी त्या मला म्हणाल्या, की वाट मोकळी झाल्यापासून भिंत दुरून दिसते.

ज्यांचे घर लहान आहे, ज्यांच्या सामानाचा मालक एकच आहे आणि ज्यांना फक्त हात आणि शिस्त हवी आहे, त्यांनी ही सेवा निःसंकोच घ्यावी. १५,३५० रुपयांपैकी पहिल्या दोन दिवसांचे पैसे माझ्या मते पूर्ण वसूल झाले. जुन्या, सामायिक घरांनी मात्र आधी वारसांशी बोलून घ्यावे, कागद आणि देवकार्याचे सामान वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावे, मदतीला कोण येणार हे नावानिशी विचारून घ्यावे आणि कामाची वेळ पाऊस सरल्यावरची धरावी. त्या दोघींचे बोलणे आर्जवी आहे, त्या वेळेवर येतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर आवाज चढवत नाहीत आणि चूक दाखवली तर ऐकून घेतात. या गोष्टी अशा कामात दुर्मीळ असतात, म्हणून त्या मी तक्रारींइतक्याच ठळकपणे सांगते.

माळ्याचा मागचा भाग अजून बाकी आहे. तेथे दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, जुने जाते आहे, आणि सासूबाईंच्या लग्नातल्या दोन ट्रंका आहेत ज्यांना कोणी हात लावू नये असे त्यांनी सांगितले आहे. त्या कामासाठी आम्ही त्याच दोघींना फेब्रुवारीत पुन्हा बोलावले आहे. या वेळी कागद त्यांच्याकडे द्यायचे नाहीत, ट्रंका उघडायच्या नाहीत आणि नवा माणूस आणायचा नाही, हे आम्ही एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या आहेत. बेळगावच्या नणंदबाई त्या आठवड्यात येऊन राहणार आहेत, कारण उरलेल्या हंड्यांपैकी एक त्यांना हवा आहे आणि तो कोणता, हे त्यांना हातात घेऊनच ठरवायचे आहे.